अकरा सेकंद

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो,
चोपड्याच्या कॉलेजात वीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून.
निकुंभ मॅडमनी विचारलं, मुलं किती घेणार?
तीनशे, म्हणालो. तालुक्यातल्या बारा शाळा.
प्रश्नावली छापायला टाकलीय.
त्या म्हणाल्या, नऊ घ्या.

नऊ!
नवात सरासरीसुद्धा धड उभी राहत नाही.
घरी बायको कळण्याचं पीठ मळत होती.
नऊ जणांचं नीट ऐकलंत तरी पुष्कळ, म्हणाली,
इथे एकीचं ऐकताना मारामार.

अडावदची शाळा. मार्चअखेर.
पंखा बंद करायला लावला,
टेपवर तो माणसांपेक्षा मोठ्यानं बोलतो.
समोर सातवीतली चौथ्या क्रमांकाची मुलगी.
संमतीपत्रावर आईचा अंगठा.
अंगठा आधीच काळा, केळीच्या चिकानं,
त्यात शाई कुठली ते कळेना,
म्हणून दोनदा घेतला.

माठातलं पाणी गार का होतं?

रात्री उतरवायला बसलो.
एका मिनिटाच्या बोलण्याला सात मिनिटं लागतात.
खोकला लिहायचा, हसू लिहायचं,
गप्प बसणं घड्याळ लावून लिहायचं.
मी आयुष्यात शांततेचं माप कधी घेतलं नव्हतं.

(शांतता, अकरा सेकंद)
"मन्ही माय म्हनस, माठले घाम येस,
म्हनीन तो थंडा ऱ्हास."

समासात लाल पेननं लिहिलं: गैरसमज.
अशी एकूण सव्वीस खुणा.
मॅडमनी पान उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं,
आणि एकच शब्द विचारला:
कोणाचा?

बसमध्ये तो शब्द धरणगावपर्यंत माझ्या शेजारी बसून होता.

दुसऱ्यांदा ऐकलं. माझाच आवाज:
म्हणजे बाष्पीभवनच ना?
ती म्हणते, हो.
तो हो माझा होता. मीच तिच्या तोंडात ठेवला
आणि मीच उचलून वहीत टिपला.

तिसऱ्यांदा ऐकलं, कानात बोळे घातल्यासारखा, एकटा.
बाहेर केळीचा ट्रक मागे येतोय, क्लीनर ओरडतोय, येऊ दे, येऊ दे,
आणि त्या ओरडण्याखाली, हळू:
"सर, तुम्हले घाम येस तव्हय
तुम्हले थंडं नही वाटस का?
जुना माठले घाम येत नही. मंग माय नवा लयस."

त्यानंतर मी.
स्पष्ट, खणखणीत, वीस वर्षांच्या सवयीचा:
पुढचा प्रश्न.

आख्खं प्रकरण तिनं चार ओळींत मांडलं होतं,
घाम, गारवा, बुजलेली छिद्रं,
आणि शिवाय मला एक प्रश्न विचारला होता.
माझ्या वीस वर्षांत असा किती ट्रकांखाली
किती जणांचा आवाज गेला असेल
याची आकडेवारी माझ्याकडे नाही.

ते अकरा सेकंदही माझ्या संयमाचे नव्हेत.
इतर टेपांवर मी दोन सेकंदांत बोलतो, मोजलंय.
त्या वेळी रेकॉर्डरचा दिवा लुकलुकला
आणि मी सेल दाबून बघत होतो.
हे पद्धतीच्या प्रकरणात लिहावं का?
मॅडम म्हणतात, तेच आधी लिहा.

एप्रिलात पुन्हा गेलो, उतारा तिला वाचून दाखवायला.
तिनं दोन शब्द दुरुस्त केले.
मग विचारलं, पुस्तकात नाव येईल का.
नियम सांगितला. नाव बदलावं लागतं, तुझ्याच भल्यासाठी.
तिला तो नियम अजिबात पटला नाही.
"मंग बोलनं कोन?"

या वाक्याला मी अजून कोणतंच लेबल लावलेलं नाही.

घरचा माठ आठ वर्षांचा. हात फिरवला,
कोरडा ठणठणीत. पाणी कोमट.
बायकोला म्हटलं, नवा आणायला हवा.
ती म्हणाली, तीन उन्हाळे सांगतेय.

उद्या पाचवा मुलगा. धानोरा.
रेकॉर्डरचे सेल जुनेच ठेवलेत.
मॅडमना सांगितलेलं नाही.